सापडलेले नाणे खरे की खोटे?

आपल्या भाषेत नाण्याने चांगलेच घर केले आहे. माणूस खणखणीत असतो, आणि अब्रूला बट्टा लागतो. हा बट्टा म्हणजे मूळचा वटाव. झिजलेले, हलके किंवा परमुलखाचे नाणे बदलून देताना सराफ जी रक्कम कापून घेई, तो बट्टा. पोतदार हे आज नुसते आडनाव उरले आहे. पूर्वी वसुलाचे नाणे पारखून घेणारा तो पोतदार, आणि पुष्कळ गावी हे काम सोनाराकडे असे. पारखल्यावाचून नाणे हाती घेऊ नये, हे आपल्या पणजोबांस कोणी शिकवावे लागत नव्हते. आज नाण्यांवर सरकारी टाकसाळीचा भरवसा असल्यामुळे ती सवय गेली, आणि नेमके त्यामुळे जुने नाणे अवचित हाती आले की माणूस गोंधळतो.

आम्ही कामगारांत वावरणारे. बंद पडलेल्या गिरणीच्या थकबाकीचा पैसा घरात आला की त्याच्या वासावर कोण कोण येतात, हे आम्ही पाहिले आहे. जुन्या नाण्यांचे दलाल त्यांतलेच. एका बाजूस राम-सीता-लक्ष्मण आणि मारुती, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 'हाफ आना' आणि १८१८ हे साल, असे तांब्या-पितळेचे तुकडे घेऊन ही मंडळी फिरतात व किंमत लाखांत सांगतात. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. १८३५ च्या खऱ्या अर्ध्या आण्यावर कंपनीचे सिंहांचे चिन्ह आहे, रामपंचायतन नाही. देवघरात पुजण्यासाठी असे टंक लोक करवून घेत, ती श्रद्धेची गोष्ट. पण ते चलन नव्हे. याच्याही पुढचा प्रकार म्हणजे तांदूळ ओढणारे नाणे. त्यात दैवी शक्ती नसते. नाण्यात चुंबक आणि तांदळात लोखंडाचा कीस असतो. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून 'कर' आणि 'कमिशन' मागणाऱ्यांविरुद्ध त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. आपण अशा व्यवहारात नाही व कोणाकडून असे शुल्क घेत नाही, असे तिने स्पष्ट कळविले. तेव्हा नाणे विकण्यासाठी जो आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो, त्याच्या बाबतीत नाणे तपासण्याची गरजच नाही.

आता खुद्द नाण्याकडे वळू. घरोघरी सापडतो तो राणीचा किंवा राजाचा चांदीचा रुपया. १८३५ पासून त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हातोहात फिरून तो थोडा हलका होईल, भारी कधीच होणार नाही. पुष्कळ जण तो फरशीवर आपटून आवाज ऐकतात. ही परीक्षा जुनी असली तरी कच्ची आहे, शिवाय त्याने काठ बिघडतो. पाण्याची परीक्षा तिच्याहून पक्की. सराफाकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा काटा घ्यावा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेले नाणे पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असे धरावे. काटा जेवढा वाढतो तेवढे पाणी नाण्याने बाजूस सारले. खरा रुपया सुमारे १.१३ ग्रॅम दाखवितो. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा तुकडा १.३ च्या वर जातो, कारण ती धातू हलकी असल्याने तोच भार भरण्यास तुकडा जाड करावा लागतो. नकली करणारा वजन साधू शकतो आणि आकारही साधू शकतो. हलक्या धातूत दोन्ही एकदम साधणे त्याला जमत नाही. मात्र हा हिशेब जुन्या रुपयाचा आहे. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो आणि तरीही खरा असतो.

हाताने पाडलेल्या नाण्यांचा न्याय निराळा. शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसरीकडे 'छत्रपती' असते. परंतु ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून सगळी अक्षरे क्वचितच उतरतात. ऱ्हस्व-दीर्घही जागोजाग बदलते. नव्या नकलांत उलट सर्व अक्षरे नेटकी, मधोमध बसलेली दिसतात. आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या रुपयावर फारशी लिपीत दिल्लीच्या बादशहाचे नाव पाहून 'हे आपले नव्हेच' म्हणून तो टाकून देणारेही भेटतात. मराठ्यांच्या टाकसाळींची ती सर्रास रीत होती. काठावर किंवा तोंडावर लहान टोचे असतील तर बिचकू नये. त्या बहुधा सराफांच्या पारखीच्या खुणा असतात. बिचकावे ते दुसऱ्याच गोष्टीने. भिंगातून पाहता पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खळगे दिसले, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटल्या, किंवा काठावर जोडाची रेघ घासून काढलेली दिसली, तर ते नाणे ठोकलेले नसून साच्यात ओतलेले आहे. आणि हाताने पाडलेली म्हणून दिलेली दोन नाणी खोटांसह तंतोतंत एकसारखी असतील, तर दोन्ही एकाच साच्याची लेकरे.

एकाच नाण्यावर दोन राजांचे ठसे दिसले तर? नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारला होता. नहपानाचा पराभव कोणी केला याचा तो धातूतला पुरावा ठरला. एखाद्या उत्साही गृहस्थाने ती चिंच लावून चकाचक घासली असती तर खालचा ठसा कायमचा पुसट झाला असता. म्हणून सापडलेले नाणे चिंच, लिंबू, राख यांपासून दूर ठेवावे. फार तर साध्या पाण्याने माती सोडवावी.

विदर्भातले उदाहरण तऱ्हाळ्याचे. मंगरूळपीरजवळच्या त्या गावी १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे १,६०० नाणी सापडली. तांबे, शिसे, कथील यांच्या मिश्रणाची ती नाणी मोडीत घातली असती तर फारसे काही हाती आले नसते. नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, आणि पुराणांच्या यादीत ज्यांचे नावही नाही असे सातवाहन राजे उजेडात आले. ही नाणी एकत्र राहिली म्हणून हे कळले. दहा खिशांत वाटली गेली असती तर त्यांतले प्रत्येक नाणे खरे असूनही मुके राहिले असते.

वाटून घेण्याचे आणि वितळविण्याचे कारण बहुधा भीती असते. पाया खणणारा मजूर म्हणतो, सरकार सगळे घेईल; आणि मुकादम त्याचा तो समज पक्का करून घागर स्वतः उचलतो. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या ठेव्याचा, कायदा तसे म्हणत नाही. जमिनीत किंवा तिला जोडलेल्या भिंतीत दडलेला ठेवा मिळाला, आणि मूळ कायद्याप्रमाणे त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे आणि ठेवा सरकारी तिजोरीत ठेवावा किंवा तो हजर करण्याचा जामीन द्यावा. चौकशीत ठेवा बेवारशी ठरला आणि दुसरा काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. मात्र जो कळवीत नाही, किंवा ठेव्याची ओळख पुसावी म्हणून तो वितळवितो, त्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि वर वर्षापर्यंत कैद किंवा दंड. चोरून विकणाऱ्याला सोनार मोडीचा भाव देतो, तोही पडेल तो.

आजीच्या डब्यातल्या रुपयाला हा कायदा लागत नाही, तो घरचाच. त्याची शंका फिटली नाही तर आमचा सल्ला असा, की तो विकत घेऊ पाहणाऱ्यास विचारू नये. १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, याच गावात आहे, आणि तेथे जुन्या नाण्यांचा संग्रह आहे. खऱ्याशी ताडून पाहिल्याखेरीज खोटे डोळ्यांत भरत नाही. जमिनीतून निघालेल्या नाण्याबद्दल अर्ज लिहिताना मात्र चार गोष्टी त्याच दिवशी टिपाव्यात: काय व किती सापडले, अंदाजे किंमत, नेमकी जागा आणि तारीख. खाली सापडणाऱ्याचे स्वतःचे नाव घालावे, मुकादमाचे नव्हे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.