शिकागोच्या तपमानाचे उच्चांक व नीचांक

भूगोलाच्या पाठात ‘खंडाच्या अंतर्भागातील हवामान विषम असते’ हे वाक्य मुले सहज पाठ करतात. परंतु विषम म्हणजे किती विषम, याची कल्पना त्यांना येतेच असे नाही. एकाच शहराचे आकडे फळ्यावर मांडले म्हणजे हे वाक्य अर्थपूर्ण होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो हे शहर या कामी चांगले उपयोगी पडते. १८९३ साली तेथे भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केले होते. तेव्हा शहराचे नाव तरी मुलांच्या कानांवरून गेलेले असते.

हे शहर मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर, सुमारे ४२ उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. तेथील अधिकृत नोंदींप्रमाणे आजवरचे सर्वांत अधिक तपमान १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४०.६ अंश सेल्सिअस, हे २४ जुलै १९३४ रोजी नोंदले गेले. आणि सर्वांत कमी तपमान शून्याखाली २७ अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली ३२.८ अंश सेल्सिअस, हे २० जानेवारी १९८५ रोजी. एकाच शहरातील या दोन टोकांमध्ये सुमारे ७३ सेल्सिअस अंशांचे अंतर आहे.

असे का व्हावे? याचे पहिले कारण म्हणजे समुद्रापासूनचे अंतर. जमीन लवकर तापते व लवकर निवते. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. शिकागोजवळ महासागर नाही. दुसरे कारण पर्वतांची दिशा. उत्तर अमेरिकेत पश्चिमेकडील रॉकी व पूर्वेकडील ॲपलाचियन या दोन्ही रांगा साधारणतः उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत. मधल्या विस्तीर्ण मैदानात पूर्व-पश्चिम अशी एकही आडवी भिंत नाही. त्यामुळे हिवाळ्यात ध्रुवप्रदेशाकडील कोरडी, थंडगार हवा कॅनडातून थेट खाली उतरते, आणि उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातावरील उष्ण व दमट हवा तितक्याच मोकळेपणी वर चढते. आपल्याकडे हिमालय मध्य आशियातील थंड हवा अडवितो. ही तुलना नकाशावर बोट ठेवून दाखविली, तर पर्वताचे हवामानातील कार्य मुलांना चटकन उमजते.

१९८५ च्या त्या थंडीच्या लाटेचा विस्तार एवढा मोठा होता की, दूर वॉशिंग्टन येथे २१ जानेवारीस व्हावयाचा अध्यक्ष रेगन यांचा जाहीर शपथविधी उघड्यावर न करता संसदभवनाच्या आत उरकावा लागला. १९३४ च्या उन्हाळ्यास अवर्षणाची जोड होती. माती ओली असली म्हणजे सूर्याच्या उष्णतेचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. माती कोरडी ठणठणीत झाली म्हणजे तीच उष्णता हवा तापविण्यास मोकळी राहते. त्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात मातीची मोठमोठी वादळे उठली, ती याच अवर्षणामुळे.

येथे चौकस विद्यार्थी विचारील की, शेजारी एवढे मोठे सरोवर असता त्याचा उपयोग काय? उपयोग होतो, पण वारा सरोवरावरून येत असेल तेव्हाच. उन्हाळ्यात दुपारी सरोवरावरून गार वारा सुटला म्हणजे काठावर सुखद वाटते आणि काही मैल आत मात्र उकाडा कायम असतो. नैर्ऋत्येकडून वारा वाहू लागला की काठालाही सरोवराचा आधार उरत नाही.

यातून एक महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो : शहराचे तपमान म्हणजे शहरातील कोणत्या जागेचे तपमान? आरंभी शिकागोची अधिकृत उपकरणे शहराच्या मध्यभागातील इमारतींच्या छपरांवर होती. १९२६ पासून १९४२ पर्यंत ती सरोवराजवळील विद्यापीठात होती, पुढे मिडवे विमानतळावर गेली, आणि १९८० पासून सरोवरापासून बरेच दूर असलेल्या ओहेअर विमानतळावर आहेत. २३ जुलै १९३४ रोजी, आज मिडवे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विमानतळावर, १०९ अंश फॅरनहाइट तपमान नोंदले गेले होते. परंतु त्या वेळी ती जागा अधिकृत नसल्याने हा आकडा शहराचा उच्चांक मानला जात नाही. उपकरण हलविले की नोंदही बदलते. म्हणून आकड्यासोबत जागा व तारीख लिहिणे हा नोंदीचाच भाग समजावा.

उच्चांक व हानी यांचाही घोटाळा होऊ देऊ नये. १३ जुलै १९९५ रोजी ओहेअर येथील पारा १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला. जुना उच्चांक मोडला नाही. तथापि त्या लाटेत शिकागोत सातशेहून अधिक माणसे दगावली. हवा अतिशय दमट होती, त्यामुळे घाम वाळून शरीर थंड होईना; रात्रीही उकाडा उतरेना. मृतांत एकटे राहणाऱ्या वृद्धांचा व गरिबांचा भरणा मोठा होता. पुढे तेथील नगरपालिकेने थंड निवाऱ्याच्या जागा उघडणे व वृद्धांची घरोघर विचारपूस करणे असे उपाय योजले. केवळ पाऱ्याकडे न पाहता हवेतील बाष्प, रात्रीचे तपमान आणि शेजारच्या एकट्या माणसाची स्थिती यांकडेही पाहावे लागते. हा धडा आपल्या गावच्या उन्हाळ्यासही लागू आहे.

वर्गात हा पाठ घेताना गणिताशी सांगड घालता येईल. फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना प्रथम ३२ वजा करून बाकीस ५ ने गुणावे व ९ ने भागावे. परंतु दोन तपमानांतील अंतर रूपांतरित करताना ३२ वजा करावयाचे नाहीत, कारण ते दोन्हीकडून आधीच वजा झालेले असतात. १०५ व उणे २७ यांतील अंतर १३२ फॅरनहाइट अंश. त्यास ५ ने गुणून ९ ने भागले की ७३.३ येतात. येथे मुले हटकून चुकतात. म्हणून संख्यारेषा काढून दाखवावी. उणे संख्यांचा परिचयही त्याच ओघात होतो.

शाळेत तापमापक असल्यास रोज ठरावीक वेळी, सावलीत, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर तपमान पाहून वहीत लिहिण्याची पाळी मुलांकडे द्यावी. उपकरणास ऊन लागू नये व हवा मात्र खेळती राहावी, एवढी काळजी पुरे. एखादे दिवशी नोंद राहून गेली तर तो रकाना मोकळाच ठेवावा, अंदाजाने भरू नये. शिकागोच्या उच्चांकास व नीचांकास किंमत आहे ती त्यामागे सुमारे दीडशे वर्षांच्या दैनिक नोंदी आहेत म्हणून. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून हवामान बदलले की नाही ते ठरत नाही. त्यासाठी अनेक वर्षांची सरासरी पाहावी लागते, आणि ती सरासरी ज्या नोंदींवरून काढावयाची, त्या खऱ्या असाव्या लागतात. मुलांना ही सवय प्राथमिक शाळेतच लागली, तर भूगोलाच्या या पाठाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.