पीएचपीतून पीडीएफ पावती देताना

भाईंदरचा मालमत्ता कर असो वा मीरा रोडच्या सोसायटीचा मेंटेनन्स, ऑनलाइन पैसे भरले की पावतीची पीडीएफ लगेच मिळते. अनेकदा ती सर्व्हरवर तयार ठेवलेली नसते, त्याच क्षणी बनते. पीएचपीत असं काही करणार असाल, तर एवढं सांभाळा:

🔹 कंटेंट-टाइप हेडर आधी पाठवा. फाइल कसली आहे, हे ब्राउझरला त्यावरूनच कळतं.

🔹 कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये ‘इनलाइन’ लिहिलं तर पावती ब्राउझरमध्ये उघडते, ‘अटॅचमेंट’ लिहिलं तर डाउनलोड होते.

🔹 कंटेंट-लेंग्थ बाइटमध्ये द्या. आकडा कमी पडला तर फाइल अर्धवट उतरते.

🔹 पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगआधी एक रिकामी ओळ किंवा बीओएम राहिला, तरी फाइल बिघडू शकते. फाइल पाठवून झाली की ‘एक्झिट’ लिहा.

🔹 फाइलचं नाव मराठीत हवंय? आरएफसी ६२६६ (२०११) मध्ये त्यासाठी ‘फाइलनेम-स्टार’ची सोय आहे. नाव यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून द्या.

🔹 सर्वांत महत्त्वाचं: लिंकमधला पावती क्रमांक बदलून शेजाऱ्याची पावती उघडता कामा नये. पावती मागणाऱ्याचीच आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा.

आपल्या सोसायटीची वेबसाइट सांभाळणाऱ्यांपर्यंत ही पोस्ट नक्की पोचवा.

#पीएचपी #मीराभाईंदर #मराठीतंत्रज्ञान