कात्री लावण्याआधी काडी तपासा



दसरा जवळ आला की नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत कात्र्यांना धार लागते. थंड देशांत वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो, तेव्हा वर्षातून एकदाच छाटणी होते. आपल्याकडे वेल तसा झोपत नाही. म्हणून छाटण्या दोन : एप्रिलची खरडछाटणी काडीसाठी आणि ऑक्टोबरची छाटणी घडासाठी.

"शेजाऱ्याने सातव्या डोळ्यावर छाटली, आपणही तिथेच छाटू," असे पुष्कळजण म्हणतात. इथेच घात होतो. घड काही ऑक्टोबरात तयार होत नाही. खरडछाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत तो डोळ्यात धरतो. त्या काळात आभाळ सतत ढगाळ राहिले, पाणी वा नत्र जास्त झाले, तर घडाऐवजी बाळी निघते. म्हणून प्रत्येक बागेचा हिशेब निराळा.

काडी फार आखूड कापली तर घडाचे डोळे बांधावर जाऊन पडतात. फार लांब ठेवली तर शेंड्याचे वांझ डोळे आधी फुटतात आणि मागचा घडाचा डोळा दबून राहतो. कसेही झाले तरी वर्षाचे पीक जाते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

उपाय सोपा आहे. छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी प्रत्येक प्लॉटमधून, वेगवेगळ्या वेलींच्या सरासरी जाडीच्या काड्या घ्या आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेत द्या. डोळ्यातला घड नुसत्या नजरेला दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. ज्या डोळ्यात घड आहे, त्याच्या पुढे एक डोळा राखून काप घ्या. सबकेन केली असेल तर गाठीजवळचे डोळे आधी तपासून घ्या.

छाटणीनंतर एक-दोन दिवसांत डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे काम बहुधा घरच्या बायाच करतात. माऊल्यांनो, रबरी हातमोजे घातल्याशिवाय पेस्टला हात लावू नका. हे औषध हाताळणाऱ्याने त्या दिवशी आणि मागचे-पुढचे काही दिवस दारूला शिवू नये. जिवावर बेतू शकते.

छाटलेल्या काड्या बागेत पडू देऊ नका. एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी चुकवू नका. परतीच्या पावसात केवडा टपलेलाच असतो.

तपासणीला खर्च थोडाच येतो. कात्रीची एक चूक मात्र वर्षभर भोवते.