हिरवा म्हणजे निर्धास्त नव्हे

चौकातल्या सिग्नलने आपल्याला रंगांची एक सोपी भाषा शिकवली आहे. तांबडा दिसला की थांबा, हिरवा दिसला की खुशाल निघा. छोट्या विमानाच्या वेगमापकावरही हेच रंग असतात; पण तिथल्या हिरव्याचा अर्थ इतका सरळ नाही.

सेस्ना १७२ हे चार आसनी विमान घ्या. १९५६ पासून विक्रीला आलेले हे विमान जगात सर्वाधिक संख्येने बनले. आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांतूनही कित्येकांनी त्यावरच उड्डाणाचे धडे गिरवले. त्याच्या ‘१७२ एस’ या प्रकारात हिरवा पट्टा ४८ नॉटला सुरू होतो आणि १२९ ला संपतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ही नेहमीच्या उड्डाणाची हद्द. पुढे १६३ पर्यंत पिवळा : हवा शांत असेल तरच, आणि तेही जपून. १६३ वर तांबडी रेघ. ती कधीच ओलांडायची नाही. शिवाय ८५ ला संपणारा एक पांढरा पट्टा असतो. उतरताना पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप पूर्ण खाली सोडायचे, तर काटा या पट्ट्यात हवा.

खरी मेख आहे ती हिरव्याच्या खालच्या टोकाशी. वेग ४८ च्या खाली गेला की पंख विमानाला पेलू शकत नाहीत. पण हा आकडा पूर्ण भारासह सरळ उडणाऱ्या विमानाचा. वळताना विमान कलते आणि पंखांवरचा भार वाढतो. उंची कायम ठेवून ६० अंश कलले, तर भार दुप्पट होतो आणि ४८ चे ६८ होतात. तबकडीवरचा रंग मात्र जागचा हलत नाही. काटा ६० वर, म्हणजे हिरव्यातच. आणि पंखांनी तर केव्हाच हात टेकलेले!

हे घडते बहुधा धावपट्टीकडे वळताना. वळण लांबले म्हणून वैमानिक विमान आणखी कलवतो, नाक वर ओढतो. जमीन काहीशे फुटांवर असते; सावरायला उंचीच उरत नाही. म्हणून शिक्षक बजावतात : वळण फसले तर ओढाताण करू नका, सरळ वर जा आणि पुन्हा फेरी मारून या.

तुमच्या घरातले कुणी उड्डाण शिकत असेल, तर त्याला सहज विचारून पाहा, हिरवा कुठे सुरू होतो? ‘४८ वर’ हे उत्तर पुस्तकातले. ‘विमान किती कलले आहे, त्यावर अवलंबून’ असे तो म्हणाला, तर रात्री निवांत झोपा.