बेगलाची पारख



आपल्याकडची कितीतरी मुले शिक्षणासाठी न्यूयॉर्कला जातात. तेथे सकाळी कामाला निघालेल्या माणसांच्या हातात एक गोल, मधोमध भोक असलेला पाव हमखास दिसतो. हाच बेगल. नवख्याला वाटते, पाव तो पाव. कुठूनही घेतला म्हणून काय बिघडले? पण चांगला बेगल शोधावा लागतो. आणि शोधायचा, तर तो होतो कसा हे आधी समजून घेतले पाहिजे.

बेगल हे मूळचे पोलंडमधल्या ज्यू लोकांचे खाणे. क्राकूव शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत बाळंतपणाच्या संदर्भात त्याचा उल्लेख सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गरिबी आणि छळ यांना कंटाळून पूर्व युरोपातले ज्यू लाखांनी अमेरिकेला गेले. त्यांच्याबरोबर बेगलही गेला.

आता कृती पाहा. भरपूर चिवटपणा असलेल्या मैद्यात मीठ, यीस्ट आणि थोडा माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा गोडसर अर्क, घालायचा. पाणी बेताचेच. हा घट्ट गोळा मळून त्याची कडी वळतात आणि रात्रभर थंड जागी ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात सोडतात आणि मगच भट्टीत भाजतात.

खरी गोम या उकळण्यात आहे. मोदकाची उकड काढताना पिठातला स्टार्च गरम पाण्याने फुगून चिकट होतो, हे आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे. तेच इथे कड्याच्या वरच्या थरात घडते. त्याचे कवच बनते. त्यामुळे पाव भट्टीत फार फुगत नाही. आतून भरीव राहतो, वरून चकाकतो. कॅनडातल्या माँट्रियल शहरात हे पाणी मधाने गोड करतात आणि बेगल लाकडाच्या भट्टीत भाजतात.

मग बिघडले कुठे? न्यूयॉर्कच्या बेगल कारागिरांची ‘लोकल ३३८’ नावाची संघटना होती. सारे काम हाताने चाले. १९६३ च्या सुमारास डॅनिअल टॉमसन यांचे बेगल वळणारे यंत्र लेंडर कुटुंबाच्या कारखान्यात आले. बेगल स्वस्त झाला, देशभर पोचला. पण हाताने वळणाऱ्यांची गरज उरली नाही आणि संघटनाही पुढे संपली. कित्येक ठिकाणी तर आता उकळण्याऐवजी भट्टीत नुसती वाफ सोडतात. दिसायला बेगल, खायला मऊ पाव!

तेव्हा नव्या शहरात गेलात, किंवा तुमचे कोणी जाणार असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. बेगल आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. वरचे कवच चकचकीत हवे. त्यावर बारीक फोड दिसले तर उत्तम. घास तोडताना दातांना थोडे श्रम पडावेत. सकाळी लवकर जावे, कारण खरा बेगल संध्याकाळपर्यंत कडक होतो. साध्या बेगलात सहसा अंडे नसते, पण अंड्याचाही एक प्रकार मिळतो. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारूनच घ्यावा.

आणि दुकानदाराला सरळ विचारा, “पाण्यात उकळता का?” जो उकळतो त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. जाणते गिऱ्हाईक आले की त्याचे रात्रीचे श्रम कारणी लागतात.