पळणारा कागद आणि त्याला लावायचा ब्रेक

आजचा विषय ऐकून काहीजण हसतील. स्वयंपाकघरातला कागदाचा रोल. एक तुकडा हवा असतो, आपण ओढतो, आणि रोल गरागरा फिरत चार हात कागद जमिनीवर सोडतो. यावर अख्खा भाग करायचा? करायचा. का, ते आधी सांगते.

आम्ही बेंगळुरूला राहतो. २०२४ चा मार्च इथल्या लोकांच्या चांगलाच लक्षात आहे. बोअरवेल आटल्या होत्या, टँकरची वाट बघण्यात सकाळ जायची. या शहराला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणावं लागतं. त्या महिन्यात पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला पाणी घातलं, तर पाच हजार रुपये दंड होता. अनेक घरांत कागदी ताटल्या आल्या. आमच्या घरात कागदाचा रोल आला, कारण ओट्यावरचं फडकं रोज धुवायला पाणी नव्हतं. पुढे पाणी आलं, पण रोल राहिला.

माझ्या सासूबाईंना त्याआधी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. डावा हात अजून नीट चालत नाही. एके दुपारी त्या घरात एकट्या होत्या. दूध उतू गेलं, म्हणून त्यांनी उजव्या हाताने कागद ओढला. रोल सुटला. कागदाची लांबच लांब पट्टी दुधात पडली. ती गोळा करायला त्या वाकल्या आणि तोल जाऊन खाली बसल्या त्या बसल्याच. कामाच्या मावशी येईपर्यंत पाऊण तास तशाच. हाड मोडलं नाही, हे नशीब. संध्याकाळी मला म्हणाल्या, "अगं, कागद धरायला गेले आणि मीच खाली गेले." त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून मी या रोलच्या मागे लागले.

आता मुद्द्याकडे येऊ. रोल पळतो का?

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याच्या मागे चक्री धरणारा एक असतो. पतंग वाऱ्यावर गेला की मांजा सुटतो, चक्री भिंगरीसारखी फिरते. उडवणारा थांबला तरी चक्री थांबत नाही. म्हणून धरणारा तळवा टेकवून ती अडवतो. तो विसरला, की मांज्याचा गुंता पायात येतो. आपला रोल म्हणजे तीच चक्री. फरक इतकाच की तिथे तळवा टेकवणारं कोणी नसतं. तो तळवा कुठून आणायचा, एवढाच आजचा प्रश्न.

फिरणाऱ्या रोलला थांबवतं ते घर्षण. आणि घर्षण किती, यापेक्षा ते मधल्या आसापासून किती लांबवर होतं, याला जास्त महत्त्व आहे. दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा आणि कडीजवळ ढकलून बघा, म्हणजे लक्षात येईल. आसापासून जितकं लांब, तितका जोर जास्त लागू पडतो.

घरोघरी तीन तऱ्हेचे स्टँड दिसतात. पहिला, स्प्रिंगच्या दांडीचा. दांडी रोलमध्ये घट्ट बसते, रोलबरोबर फिरते, आणि तिच्या टोकांच्या बारीक खुंट्या खाचेत घासतात. घर्षण आसापासून फार तर चार मिलिमीटरवर. दुसरा, पक्क्या आडव्या दांडीचा. दांडी हलत नाही, पुठ्ठ्याची नळी तिच्यावर घासते. घर्षण नळीच्या आतल्या कडेला, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरवर. तिसरा, उभा स्टँड. रोलचं सगळं वजन खालच्या तबकडीवर, घर्षण रोलच्या अख्ख्या तळाला. सरासरी धरली तर चार सेंटिमीटरच्या थोडं पुढे.

मी हिशेब मांडून बघितला. नवा रोल, बारा सेंटिमीटर जाडीचा. हात सेकंदाला एक मीटर वेगाने ओढतो आणि अचानक थांबतो. घर्षणाचा गुणांक तिन्हीकडे ०.३ धरला. मग हात थांबल्यावर किती जादा कागद सुटेल? उभ्या स्टँडवर सुमारे तेरा सेंटिमीटर. पक्क्या दांडीवर अठ्ठावीस. आणि स्प्रिंगच्या दांडीवर तब्बल एक मीटर चाळीस! कागद तोच, हात तोच. म्हणजे दोष कागदाचा नाही आणि सासूबाईंचाही नाही. आमच्याकडे स्प्रिंगची दांडी होती.

याच दांडीचा दुसरा तोटा बघा. लोंबणाऱ्या कागदालाही वजन असतं. दोन पदरी कागद चौरस मीटरला चाळीस ग्रॅम धरला आणि रुंदी बावीस सेंटिमीटर, तर एक मीटर कागद नऊ ग्रॅमच्या आसपास भरतो. दोनशे ग्रॅमचा रोल बारीक खुंट्यांवर असेल, तर तो फिरायला कागदाला चार ग्रॅमचा ओढा पुरतो. म्हणजे अर्धा मीटर कागद लोंबला, की रोल आपोआप उलगडायला लागतो. वर पंखा चालू असेल तर विचारूच नका. पक्क्या दांडीवर तोच ओढा वीस ग्रॅम लागतो. तितकं वजन व्हायला दोन मीटरहून जास्त कागद लोंबावा लागेल.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. नवा रोल तरी बरा वागतो, संपत आलेला जास्त त्रास देतो, असं का? बरोबर आहे. नवा रोल जड असतो. झटका दिला की तो लगेच हलत नाही, तेवढ्यात छिद्रांच्या रेघेवर कागद फाटतो. संपत आलेल्या रोलला वजनच उरत नाही. झटका दिला की फाटण्याऐवजी तो हाताबरोबर फिरतो. दोन्ही हात चालणारा माणूस दुसरा हात रोलवर ठेवतो, आणि आपण असं करतो हे त्याच्या लक्षातही येत नाही. ज्याचा एकच हात चालतो, त्याची पंचाईत इथेच होते.

मग उपाय काय? एकेक सांगते. सगळे घरातल्या वस्तूंनी होतात.

पहिला, दांडी बदला. फिरणारी काढा, पक्की लावा. तिच्यावर दोन-तीन जाड रबरबँड गुंडाळा. रबरावर पुठ्ठा घासला की घर्षण वाढतं. ते दुप्पट झालं, तर जादा सुटणारा कागद निम्मा होतो.

दुसरा, दांडी बदलणं शक्य नसेल तर रोल लावण्याआधी तो तळहाताने हलकेच दाबा. आतली नळी गोल न राहता लंबगोल होते. मग रोल गुळगुळीत फिरत नाही, अडखळत फिरतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल, तर हा उपाय बाथरूममधल्या रोललाही करा.

तिसरा, कागदाचं टोक कोणत्या बाजूला ठेवायचं ते ठरवा. अमेरिकेत सेथ व्हीलर यांनी १८९१ साली टॉयलेट पेपरच्या रोलचं पेटंट घेतलं. त्याच्या चित्रात टोक पुढच्या बाजूने लोंबताना दाखवलं आहे. मोठ्या माणसांना तेच सोयीचं. पण मांजर पंजा वरून खाली मारतं, आणि टोक पुढे असेल तर त्याच दिशेने रोल उलगडतो. टोक भिंतीकडे ठेवलं, तर मांजराने कितीही पंजे मारले तरी कागद उलट गुंडाळलाच जातो.

चौथा, उभा स्टँड घ्यायचा तर तळाला जड घ्या. हलका स्टँड ओढल्यावर रोलसकट आडवा होतो. आडवा झाला की घर्षणाचा सगळा हिशेब गेला.

पाचवा उपाय फॉइलसाठी. फॉइलच्या खोक्याच्या दोन्ही टोकांना बहुतेक वेळा पुठ्ठ्याची अर्धवट कापलेली जीभ असते. ती आत दाबली की रोलच्या नळीत अडकते, आणि रोल खोक्याबाहेर उडी मारत नाही. कित्येक वर्षं ती जीभ डोळ्यांसमोर होती, मी कधी दाबली नव्हती. आणि भेटवस्तूंच्या कागदाची गुंडाळी सुटत असेल, तर टॉयलेट रोलची रिकामी नळी उभी कापा आणि गुंडाळीवर बांगडीसारखी चढवा. चिकटपट्टी लावून कागद फाडण्याची गरज नाही.

मी पक्की दांडी लावली, रबरबँड लावले, खूश झाले. नवा रोल छान चालला. पण संपत आल्यावर एका हाताने फाडताना तो पुन्हा फिरायला लागला. मग तोडगा काढला सासूबाईंनीच.

झटका येण्याआधी त्या सुंदर विणायच्या. मला म्हणाल्या, "लोकरीचा गुंडा बाहेरून ओढला तर घरभर पळतो. आतलं टोक काढून ओढला तर जागचा हलत नाही. तुझ्या कागदाला आतलं टोक नाही का?"

आहे की! रोलची पुठ्ठ्याची नळी हलकेच पिळून बाहेर काढली की आतलं टोक मोकळं होतं. सुरुवातीचे एक-दोन तुकडे चुरगळतात, ते पुसायला वापरायचे. लोणच्याची चिनी मातीची रुंद तोंडाची जुनी बरणी माळ्यावर पडून होती. अर्धा झालेला रोल तिच्यात उभा ठेवला. बरणीच्या तोंडाला जाड कापडाचा दादरा बांधला, त्याला मधोमध मोठं काज केलं आणि कागदाचं टोक त्यातून वर काढलं. आता कागद वर ओढला की काज त्याला धरून ठेवतं, बाजूला झटका दिला की तो रेघेवर फाटतो. बरणी जड, ती हलत नाही. आणि रोल? तो फिरतच नाही. जो फिरत नाही, त्याला थांबवायचा प्रश्नच नाही. मी घर्षण वाढवत बसले होते, त्यांनी फिरणंच काढून टाकलं. कागदाला थोडा पीळ पडतो खरा, पण पुसायच्या कागदाला त्याचं काय?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कागद कितीही शहाण्यासारखा वागला, तरी ज्या घरात पाणी आहे तिथे सुती फडक्याला तोड नाही. आम्हीही रोज फडकंच वापरतो. रोल ठेवला आहे तो सासूबाईंसाठी, कारण एका हाताने फडकं पिळता येत नाही.

तुमच्या घरातही असं कोणी असेल. आज एवढंच करा. एक हात पाठीमागे घ्या आणि तुमच्या रोलमधून एक तुकडा फाडून बघा. जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर दांडी बघा, टोक बघा, बरणी शोधा. काय केलं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.