क्वार्टर तीच, शरीर वेगळं

‘रोज नाही हो घेत, फक्त शनिवारी.’ पंचविशीतला मुलगा हे म्हणतो, चाळिशीतला गृहस्थ म्हणतो आणि निवृत्तीला आलेले काकाही म्हणतात. घरच्यांनी विचारलं तरी हेच उत्तर आणि डॉक्टरांनी विचारलं तरी हेच. सांगणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. पण या तिघांचा शनिवार एक नसतो. पोटात जाणारं प्रमाण वेगळं असतं, आठवड्यातल्या बैठकींची संख्या वेगळी असते आणि ती दारू ज्या शरीरात उतरते ते शरीर तर फारच वेगळं असतं. सवय वर्षानुवर्षं तीच आहे असं वाटत राहतं आणि तिचा धोका मात्र हळूहळू वाढत जातो. म्हणून वयाच्या प्रत्येक टप्प्यावर हा हिशेब नव्याने मांडायला हवा.

शरीराला कळतात ते ग्रॅम

आपण दारू पेगात मोजतो, बाटलीत मोजतो. शरीर मोजतं ते शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ६० मिलीच्या लार्जमध्ये २० ग्रॅम. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे तीन लार्ज, म्हणजेच ६० ग्रॅम.

‘मी तर बिअरच घेतो’ म्हणणाऱ्यांनीही बाटलीवरचा आकडा वाचावा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे दोन लार्ज पेगांइतकं. दोन बाटल्या संपल्या की माणूस क्वार्टरच्या बराच पुढे गेलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेण्याला अतिमद्यपान मानते. मित्रांच्या बैठकीत ‘माणशी एक क्वार्टर’ हा हिशेब अगदी माफक समजला जातो. तो बरोबर या रेषेवर येऊन थांबतो.

प्रमाण घटतं, दिवस वाढतात

आयुष्यभरात माणसाचं पिणं कसं बदलतं हे कळायला त्याच माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो. ब्रिटनमध्ये असे दीर्घकालीन अभ्यास बरेच झाले आहेत. २०१५मध्ये ॲनी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी अशा नऊ अभ्यासांची माहिती एकत्र केली. १९१८ ते १९७३ या काळात जन्मलेल्या ५९ हजारांहून अधिक लोकांच्या त्या नोंदी होत्या.

त्यातून निघालेला आलेख बोलका आहे. किशोरवयात पिण्याचं प्रमाण झपाट्याने चढतं आणि पुरुषांत पंचविशीच्या आसपास शिखर गाठतं. तिथे ते आठवड्याला सुमारे २० युनिट होतं. ब्रिटनमधलं एक युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे हे १६० ग्रॅम झाले. स्त्रियांचं शिखर ७ ते ८ युनिटांवर होतं. मग प्रमाण उतरतं, मध्यमवयात स्थिरावतं आणि साठीनंतर आणखी घटतं.

एवढ्यावर थांबलो तर चित्र दिलासा देणारं वाटेल. पण याच अभ्यासाने दुसरी गोष्टही दाखवली. वय वाढलं तसे पिण्याचे दिवस वाढत गेले. मध्यमवयानंतर रोज किंवा आठवड्यातले बहुतेक दिवस पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण काही गटांत निम्म्याच्या वर गेलं. तरुणपणी एका रात्रीत रिचवली जाणारी दारू पुढे आठवडाभर पसरत गेली.

असं का होतं, हे समजणं अवघड नाही. पंचविशीत हातात पहिला पगार असतो, मित्रांचा घोळका असतो आणि रविवारी सकाळी उठायची सक्ती नसते. लग्न, मूल, गृहकर्जाचा हप्ता आला की रात्रभराच्या बैठका आपोआप कमी होतात. नंतर मुलं मोठी होतात, हातात पैसा खेळतो, झोप लागेनाशी होते, एकटेपण वाढतं. मग शनिवारला शुक्रवार जोडला जातो आणि कधीतरी बुधवारही. एकेका दिवसाचा पेला लहान असल्यामुळे ही वाढ खुद्द पिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

काळ बदलतो, पिढीही बदलते

वयाबरोबर काळाचाही हात असतो. मुळात साप्ताहिक सुटी हीच आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी लढा दिला आणि १८९०मध्ये त्यांना रविवारची सुटी मिळाली. महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आला तो २०२०च्या फेब्रुवारीअखेर. खासगी कंपन्यांत, विशेषतः आयटीत, त्याआधीच शुक्रवार संध्याकाळ ही ‘बसण्याची’ वेळ झाली होती. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या काळात तरुण असलेल्या माणसाचा शनिवार आणि आज हिंजवडीत नोकरी करणाऱ्या त्याच्या नातवाचा शनिवार यांची तुलना फक्त वयावरून करता येत नाही.

बदल नेहमी पिणं वाढण्याच्याच दिशेने होतो असंही नाही. इंग्लंडमध्ये १६ ते २४ वयोगटातल्या न पिणाऱ्यांचं प्रमाण २००५मध्ये १८ टक्के होतं, ते २०१५मध्ये २९ टक्क्यांवर गेलं. आई-वडिलांच्या पिढीने ज्या वयात सर्वाधिक दारू प्यायली, त्याच वयात ही मुलं तिच्यापासून लांब राहिली. ‘तरुण वय आहे, पिणारच’ हे आपल्याकडे सहज बोललं जातं. या आकड्यांसमोर ते टिकत नाही.

तेवढीच दारू, पण जास्त चढते

आता शरीराकडे वळू. अल्कोहोल पाण्यात विरघळतं, चरबीत फारसं नाही. त्यामुळे ते शरीरातल्या पाण्यात पसरतं. तरुण पुरुषाच्या वजनात पाण्याचा वाटा साधारण ६० टक्के असतो. वयाबरोबर स्नायू घटतात, चरबी वाढते आणि पाण्याचा वाटा ५० टक्क्यांच्या आसपास येतो. स्त्रियांमध्ये तो मुळातच कमी असतो. आमटी कमी केली आणि मीठ तेवढंच टाकलं तर ती खारट होणारच, तसंच हे आहे.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. ७० किलो वजनाचे दोन पुरुष रात्री नऊला बसतात आणि बारापर्यंत प्रत्येकी एक क्वार्टर संपवतात. पंचविशीतल्याच्या शरीरात ४२ लिटर पाणी आहे, साठीतल्याच्या शरीरात ३६ लिटर. रक्तातलं अल्कोहोल तासाला १०० मिलीमागे साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं असं धरू. मध्यरात्री तरुणाच्या रक्तात सुमारे ७० मिलिग्रॅम असेल आणि ज्येष्ठाच्या रक्तात ९०. वाहन चालवण्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तरुण त्या मर्यादेखाली येईल पावणेतीनच्या सुमाराला आणि ज्येष्ठ पहाटे चारला. तरुणाच्या रक्तातून अल्कोहोल पूर्ण जायला पावणेपाच वाजतील, ज्येष्ठाला सहा. प्रत्यक्षात वेग माणसागणिक बदलतो, त्यामुळे हे आकडे पाहून कुणी गाडीची किल्ली उचलू नये. पण बाटली तीच असताना वय किती फरक पाडतं, ते यातून दिसतं.

दुसरा बदल यकृतातला. अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ॲसिटेट. मधला ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ डीएनएला इजा करतो. वय वाढतं तसं यकृताचा आकार आणि त्यातला रक्तप्रवाह कमी होतो. इजा भरून काढण्याची शरीराची ताकदही तरुणपणासारखी राहत नाही.

मेंदूचं गणित आणखी वेगळं आहे. पौगंडावस्थेतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की दारूने येणारी सुस्ती आणि तोल जाणं त्यांना प्रौढांपेक्षा कमी जाणवतं. म्हणजे ‘आता बास’ हा इशारा ज्या वयात सर्वांत जास्त हवा, त्याच वयात तो क्षीण असतो. त्या वेळी निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडतच असतो. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं. उतारवयात उलट होतं. थोड्या दारूनेही तोल जातो आणि हाडं ठिसूळ झालेली असतात. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो.

झोपेसाठी घेतो म्हणणारे पुष्कळ आहेत. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते. वयामुळे गाढ झोप आधीच कमी झालेली असते, त्यात ही भर. घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडण्याचं प्रमाणही दारूने वाढतं. शिवाय पन्नाशीत औषधं आलेली असतात. बीपीच्या गोळीवर दारू घेतली तर उभं राहताना चक्कर येऊ शकते. काही मधुमेहींची साखर रात्रीत धोकादायकरीत्या उतरू शकते. झोपेच्या गोळीबरोबर दारू घेतली तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

त्रास झाला नाही म्हणून निर्धास्त

‘पूर्वी सहन व्हायची, आता हँगओव्हर उतरत नाही’ असं चाळिशीनंतर अनेक जण सांगतात. डेन्मार्कमध्ये १८ ते ९४ वर्षांच्या ५१ हजारांहून अधिक लोकांना याविषयी विचारलं गेलं आणि २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तर उलटं आलं. एका बैठकीत भरपूर पिणाऱ्यांमध्येही तीव्र हँगओव्हरची तक्रार वयाबरोबर कमी होत गेली. ज्यांना फार त्रास होतो ते पुढे पिणं सोडत असतील किंवा उरलेल्यांना सवय होत असेल. कारण काहीही असो, रविवारी डोकं दुखलं नाही म्हणजे शरीराला काही झालं नाही, असा अर्थ काढता येत नाही. आतली इजा दुखत नाही.

हृदयाचंच पाहा. १९७८मध्ये अमेरिकेत फिलिप एटिंगर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांच्या हृदयाचे ठोके सुटीच्या दिवसांतल्या मद्यपानानंतर अनियमित झाले होते. ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव तिथून रूढ झालं. २०१५च्या म्युनिकमधल्या ऑक्टोबरफेस्ट या बिअर महोत्सवात डॉक्टरांनी ३,०२८ जणांचे ईसीजी तिथल्या तिथे काढले. सुमारे ३० टक्के लोकांच्या ठोक्यांत बिघाड दिसला. त्यात बहुतेकांचे ठोके नुसते जलद होते आणि अल्कोहोलचं प्रमाण जास्त तसा बिघाडही जास्त होता. तरुण हृदय बहुधा यातून सावरतं. पण साठीत एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे ठोके सतत अनियमित होण्याच्या आजाराचा, धोका मुळातच वाढलेला असतो; त्यात अशा रात्रीची भर पडली, तर पुढचं संकट पक्षाघाताचं असू शकतं.

‘थोडी घेणारे जास्त जगतात’ हा समजही वयाबरोबर बदलणाऱ्या सवयींतूनच जन्मला. जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांचे मृत्यू थोडं पिणाऱ्यांपेक्षा जास्त दिसत. ब्रिटनमधल्या पुरुषांचा पाठपुरावा करणाऱ्या जेराल्ड शेपर यांनी १९८८मध्ये यातली खोच दाखवली. आजारी पडल्यामुळे दारू सोडलेले लोकही ‘न पिणारे’ या गटात मोजले जात होते. त्यामुळे आजाराचं खापर न पिण्यावर फुटत होतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्य हे माणसात कर्करोग निर्माण करतं असं जाहीर केलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, आतडं आणि स्तन यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध आहे. तंबाखू किंवा गुटखा जोडीला असेल तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो आणि आपल्याकडे ही जोडी घरोघर आहे. दारूची पूर्णपणे निर्धोक मात्रा नाही, असं संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केलं.

तीन प्रश्न, दर काही वर्षांनी

पिणाऱ्याला घाबरवणं किंवा त्याला वाईट ठरवणं हा या माहितीचा उपयोग नव्हे. तिचा उपयोग प्रामाणिक मोजमापासाठी व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या चाचणीतले पहिले तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. किती वेळा पिता? ज्या दिवशी पिता त्या दिवशी किती? आणि एका बैठकीत ६० ग्रॅमपर्यंत किंवा त्यापुढे, म्हणजे क्वार्टरपर्यंत किंवा तिच्याही पुढे, किती वेळा जाता? तिशीत, चाळिशीत, पन्नाशीत या प्रश्नांची उत्तरं नव्याने लिहावीत आणि आधीच्या उत्तरांशी ताडून पाहावीत. नवी गोळी सुरू करताना ही उत्तरं डॉक्टरांना दाखवावीत. बहुतेकांच्या बाबतीत दोन बदल आवाक्यातले असतात. एका बैठकीतलं प्रमाण निम्म्यावर आणायचं आणि आठवड्यात वाढत चाललेले दिवस परत घ्यायचे. पूर्ण थांबता आलं तर सर्वांत चांगलं.

मात्र जे रोज भरपूर पितात त्यांनी एकदम थांबू नये. अचानक थांबल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन मराठीतूनही बोलते आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून याच कामात आहे. ज्या घरात दारूविषयी न चिडता बोलता येतं, तिथे माणूस मदत लवकर मागतो. जितक्या लवकर मागतो, तितकं यकृत, हृदय आणि मेंदू वाचवणं सोपं जातं.